आधी वजाबाकी, मग भांडण: एनबीएतला ‘ओव्हररेटेड’ खेळाडू ठरवायचा कसा

एप्रिल २०२५ मध्ये ‘द ॲथलेटिक’ या क्रीडा-साइटने एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, खेळाडूंना, नाव छापणार नाही या बोलीवर, विचारलं की लीगमधला सगळ्यात ओव्हररेटेड खेळाडू कोण. सगळ्यात जास्त मतं पडली इंडियाना पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनला. मग प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्या, सुरू झाले. मिलवॉकीविरुद्धच्या पाचव्या सामन्यात १.३ सेकंद उरले असताना त्याने सामना खिशात घातला. क्लीव्हलंडविरुद्ध १.१ सेकंद उरले असताना तेच. न्यूयॉर्कमध्ये वेळ संपता संपता बरोबरी साधली. चेंडू रिंगवर आपटून केवढा तरी उंच उडाला आणि सरळ आत पडला. फायनलच्या पहिल्या सामन्यात ओक्लाहोमा सिटीचं अख्खं स्टेडियम त्याने गप्प केलं, तेव्हा घड्याळात ०.३ सेकंद होते. त्या संपूर्ण सामन्यात पेसर्स पुढे होते ते तेवढाच वेळ.

फायनल आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होते. नऊच्या आत आमच्या ग्रुपवर ‘कोण म्हणालं रे ओव्हररेटेड?’ असे तेवीस मेसेज आले होते. त्याच मालिकेच्या पाचव्या सामन्यात हॅलिबर्टन सहा शॉटपैकी शून्य आणि एकूण ४ गुणांवर अडकला, तेव्हा तीच माणसं ‘खेळाडूंना कळतं बरं का’ म्हणत होती. त्याची पोटरी दुखावलेली होती, हे दोन्ही बाजूंच्या गावी नव्हतं.

आणि मूळ आकडा कुणीच पाहिला नव्हता. त्या प्रश्नाला ९० खेळाडूंनी उत्तर दिलं होतं. त्यांतल्या १३ जणांनी हॅलिबर्टनचं नाव घेतलं. म्हणजे ७७ जणांना दुसराच कुणीतरी ओव्हररेटेड वाटत होता. तेरा माणसांच्या मतावर दोन महिने जग भांडलं.

असले वाद मी पंधराएक वर्षं घालतोय, त्यांतले बरेच हरलोय. खाली दिलेली पद्धत त्या हरण्यांतून जमलेली आहे.

आधी वाक्य पूर्ण करा

ओव्हररेटेड ही मुळात एक वजाबाकी आहे. लोक खेळाडूला जेवढं मानतात त्यातून तो कोर्टवर जेवढं करतो ते वजा करायचं. काही शिल्लक उरलं तर ओव्हररेटेड, उत्तर उणे आलं तर अंडररेटेड. हे पोरकट वाटेल इतकं सोपं आहे, पण यातून एक गोष्ट लगेच कळते: ज्याला कुणी फारसं मानतच नाही तो कितीही सुमार असला तरी ओव्हररेटेड होऊ शकत नाही, आणि हॉल ऑफ फेममध्ये (बास्केटबॉलमधल्या थोरांच्या सन्मानयादीत) बसलेला माणूस होऊ शकतो. ‘तो काय वाईट खेळतो का?’ हा प्रश्न या वादात गैरलागू आहे. तरी तोच सगळ्यात आधी येतो.

तेव्हा वहीत (फोनमध्येही चालेल, पण वही बरी, खोडता येत नाही) हे वाक्य भरून घ्या: ‘अमक्यांच्या मते हा खेळाडू लीगमध्ये या जागी आहे, माझ्या मते या जागी आहे, मी बोलतोय तो या सीझनबद्दल.’ तीन रिकाम्या जागा. पहिली सगळ्यात अवघड, कारण ‘लोक’ म्हणून कुणी एक नसतं.

प्रेक्षक घ्या. २०१७ च्या ऑल-स्टार सामन्यासाठी (निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना) वेस्टच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाच्या, फ्रंटकोर्टमध्ये (फॉरवर्ड आणि सेंटर) प्रेक्षकांच्या मतांत दुसरा आला होता झाझा पाचुलिया, गोल्डन स्टेटचा एक साधा, कामापुरता सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू). त्याचा मायदेश जॉर्जिया जिद्दीने मत देत होता. त्याच वर्षापासून लीगने नियम बदलला होता: सुरुवातीचे पाच निवडताना प्रेक्षकांचं वजन निम्मं, उरलेलं खेळाडू आणि पत्रकारांमध्ये वाटलेलं. म्हणून पाचुलिया बाहेर राहिला. राखीव खेळाडू प्रशिक्षक निवडतात. म्हणजे एका ‘ऑल-स्टार’ शब्दामागे चार वेगवेगळी मतं दडलेली असतात, आणि वाद घालताना जो तो आपल्या सोयीचं मत उचलतो.

सगळ्यात मजेशीर उदाहरण मात्र माइक कॉनलीचं. कित्येक वर्षं ‘कधीच ऑल-स्टार न झालेला सर्वोत्तम खेळाडू’ ही त्याची ओळख होती. २०२१ मध्ये डेव्हिन बुकर जायबंदी झाला म्हणून त्याच्या जागी एकदाची वर्णी लागली. बिचारा, उपेक्षित, अंडररेटेड. आणि याच कॉनलीने २०१६ मध्ये मेम्फिसशी पाच वर्षांचा १५ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला होता, जो त्या दिवशी एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार होता. मतदारांसाठी अंडररेटेड, तिजोरीसाठी अव्वल! अर्थात करारालाही खेळाडूची किंमत समजू नका. त्या उन्हाळ्यात टीव्हीच्या नव्या पैशामुळे संघांची वेतनमर्यादा ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४० लाखांवर गेली होती, आणि बाजारात जो उभा होता त्याची चांदी झाली. ओव्हरपेड आणि ओव्हररेटेड ही दोन वेगळी भांडणं आहेत. एका वेळी एकच घाला.

तिसरी रिकामी जागा, म्हणजे काळ, हिला लोक सर्रास टाळतात. निकोला योकिचला २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे) ४१ व्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा अमेरिकेत टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. त्या रात्री तो अंडररेटेड होता यात वाद नाही. पण २०२१, २०२२ आणि २०२४ असे तीन एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) आणि २०२३ चं विजेतेपद मिळाल्यावरही ‘योकिच किती अंडररेटेड आहे’ म्हणणारे भेटतात. ते दहा वर्षं जुनी थकबाकी वसूल करत असतात.

मनू जिनोबिलीचं तर याहून गमतीचं. ड्राफ्टमध्ये ५७ वा, फक्त दोनदा ऑल-स्टार, उमेदीची बरीच वर्षं बेंचवरून उतरणारा. तरी चार विजेतेपदं, अर्जेंटिनासोबत २००४ चं ऑलिंपिक सुवर्ण. त्याला अंडररेटेड म्हणणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की आता ते म्हणण्यात काही धाडस उरलेलं नाही. २०२२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्येही गेला. ज्याला सगळेच अंडररेटेड म्हणतात तो अंडररेटेड राहत नाही. वजाबाकीतली वरची संख्या तोवर वाढलेली असते.

गुण मोजू नका, शॉटची किंमत मोजा

आता दुसरी संख्या: तो प्रत्यक्षात करतो किती. इथे सगळ्यात मोठी फसवणूक ‘सामन्यामागे इतके गुण’ हा आकडा करतो. याची तपासणी हाताने करता येते आणि एकदा तरी हातानेच करा. साइटवर तयार आकडा मिळतो, पण तो पोटातून कळत नाही.

ॲलन आयव्हरसन, २०००-०१ चा सीझन. सामन्यामागे ३१.१ गुण, एमव्हीपी, फिलाडेल्फियाला फायनलपर्यंत नेलं. चाहत्यांसाठी देव. आकडेवाल्यांसाठी ‘४२ टक्क्यांनी शॉट मारणारा, चेंडू न सोडणारा माणूस’. कोण खरं?

बास्केटबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या साइटवर त्याच्या पानावर जा आणि तीन आकडे टिपा. गुण २२०७. मारलेले शॉट (आत गेलेले आणि चुकलेले मिळून) १८१३. मारलेले फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे एका गुणाचे मोफत शॉट, चुकलेलेही धरून) ७१९. आता फ्री थ्रोंना ०.४४ ने गुणा. हा ०.४४ कुठून आला? फ्री थ्रो बहुतेकदा जोडीने मिळतात, म्हणजे दोन मिळून चढाईची एक संधी खर्च होते. पण काही वेळा बास्केट झाल्यावर वर एक मिळतो, टेक्निकल फाउलचा एकटा मिळतो, थ्रीवर (लांबून मारायच्या तीन गुणांच्या शॉटवर) फाउल झाला तर तीन मिळतात. हे सगळं धरून निम्म्याहून थोडा कमी, ०.४४ हा ठोकताळा बसतो. तर ७१९ चे झाले ३१६. त्यात १८१३ मिळवले की २१२९. याची दुप्पट ४२५८. २२०७ ला ४२५८ ने भागा: ०.५१८. हे त्याचं ट्रू शूटिंग, ५१.८ टक्के.

नुसत्या या आकड्याला अर्थ नाही. त्या सीझनमध्ये लीगची सरासरीही ५१.८ च्या आसपासच होती. म्हणजे आयव्हरसनचा शॉट लीगमधल्या कुठल्याही सर्वसाधारण शॉटइतकाच मोलाचा होता. चाहत्यांना हे ऐकवलं की ते चिडतात. आकडेवाल्यांना वाटतं आपण जिंकलो.

थांबा जरा. सामन्यामागे साडेपंचवीस शॉट तो घेत होता, आणि त्या संघात त्याच्यानंतरचे खेळाडू अकरा-बारा गुणांच्या घरातले होते. समोरच्या पाचही जणांना माहीत होतं चेंडू कुणाकडे जाणार. अशा वेळी, सहा फूट उंचीच्या माणसाने, इतक्या शॉटवर सरासरी टिकवून धरणं हे सरासरी काम नव्हे. साधा नियम असा की शॉटचा वाटा वाढला की त्यांचा दर्जा घसरतो, कारण सोपे आधीच संपतात, उरलेले अवघड. म्हणून ट्रू शूटिंगच्या शेजारी नेहमी दुसरा आकडा ठेवा: चढाईचा किती वाटा तो स्वतः संपवतो, ज्याला युसेज म्हणतात. ६२ टक्के ट्रू शूटिंग आणि तुटपुंजं युसेज असलेला सेंटर हा बास्केटखाली दुसऱ्याने दिलेला चेंडू आत ढकलणारा असू शकतो. त्याला आयव्हरसनच्या जागी उभा केलात तर संध्याकाळपर्यंत वीस टर्नओव्हर करील, म्हणजे वीसदा चेंडू समोरच्यांना देऊन बसेल.

माझा निकाल विचाराल तर आयव्हरसन चाहत्यांच्या वहीत थोडा ओव्हररेटेड आणि आकडेवाल्यांच्या वहीत बराच अंडररेटेड आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. त्या वर्षी डिफेन्सिव्ह प्लेअर (सर्वोत्तम बचावपटू), सिक्स्थ मॅन (सर्वोत्तम राखीव खेळाडू) आणि सर्वोत्तम प्रशिक्षक हे तिन्ही पुरस्कारही त्याच संघाकडे गेले होते, हे मात्र ‘एकट्याने ओढला’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आणखी दोन झटपट दुरुस्त्या. एक, मिनिटं. जिनोबिलीचे कारकिर्दीत सामन्यामागे १३.३ गुण, पण २५.४ मिनिटांत. ३६ मिनिटांना काढले तर जवळपास १९. दोन, काळ. २००३-०४ मध्ये संघ सामन्यामागे सरासरी ९३.४ गुण करत होते, २०२३-२४ मध्ये ११४.२. तेव्हाचे २० म्हणजे आताचे साधारण साडेचोवीस. आजच्या २५ गुणवाल्याला २००४ च्या २२ गुणवाल्याच्या डोक्यावर बसवण्याआधी एवढं त्रैराशिक करा.

मग चेंडूकडे बघणं सोडा

आकडे बचाव पकडत नाहीत. स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट अडवणं) हे बचावाचे आकडे नव्हेत. वरून चेंडू झडपायला जाऊन माणूस सोडून देणाऱ्यालाही स्टील मिळतात. इथे डोळेच लागतात आणि डोळ्यांना वळण लावावं लागतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, एनबीएचे दोन प्रदर्शनी सामने झाले, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. (योगायोग बघा: पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये याच दोन संघांत अदलाबदल झाली, डोमांटास सबोनिस सॅक्रामेंटोला गेला आणि हॅलिबर्टन इंडियानाला.) मी वरच्या बाजूला बसलो होतो. पहिल्यांदा कळलं की टीव्हीवर आपण बास्केटबॉल बघतच नाही, चेंडू बघतो. वरून दिसतं की चेंडू डावीकडे असताना उजवीकडच्या कोपऱ्यात दोन माणसं एकमेकांना ढकलत काय काय करतात, कोण मदतीला अर्धा पाय आधी निघतो, कोण हात कमरेवर ठेवून उभा आहे.

घरी याची नक्कल अशी करा. ज्याच्यावर वाद आहे तो एकच खेळाडू निवडा. सामन्याची रेकॉर्डिंग लावा, दुसऱ्या क्वार्टरमधली सहा मिनिटं आणि चौथ्यातली सहा. त्या बारा मिनिटांत त्याच्याखेरीज कुणाकडे बघायचं नाही. बास्केट झाली की नाही ते नंतर कळेल. वहीत खुणा करा: समोरच्या संघाने त्याला मुद्दाम स्क्रीनमध्ये (बचावपटूची वाट अंगाने अडवण्याच्या डावात) ओढून हल्ला केला का, किती वेळा? त्याला टाळून चढाई दुसऱ्या बाजूने नेली का? शॉट उडाला तेव्हा त्याने आपला माणूस अडवला की चेंडूकडे पाहत उभा राहिला? हातात चेंडू नसताना त्याच्यामागे बचावपटू धावतोय की त्याला मोकळा सोडून बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात येऊन उभा आहे? हा शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. समोरचा प्रशिक्षक त्या शूटरला खरंच घाबरतो का, हे मुलाखतीत कळत नाही, बचावपटूच्या अंतरावरून कळतं.

असे तीन सामने बघा. एक जिंकलेला, एक हरलेला, एक प्लेऑफचा. दीड-दोन तासांचं काम आहे, आणि तुमच्या ग्रुपमध्ये ते दुसऱ्या कुणीही केलेलं नसेल.

डोळ्यांचं हे काम आकड्यांहून जास्त सांगून जातं त्याचं माझं आवडतं उदाहरण ॲलेक्स करूसो. जून २०२४ मध्ये शिकागोने तो ओक्लाहोमा सिटीला दिला आणि बदल्यात जॉश गिडी घेतला. एकास एक, वर ड्राफ्टचा एकही हक्क नाही. पुढच्या सीझनमध्ये गिडीने सामन्यामागे १४.६ गुण, ८.१ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), ७.२ असिस्ट (सोबत्याला बास्केट करून देणारे पास) केले. करूसोने ७.१ गुण, तेही १९ मिनिटांत. कागद सांगतो शिकागोने लूट केली. मग मे २०२५ मध्ये डेन्वरविरुद्ध सातवा सामना आला आणि ओक्लाहोमाच्या प्रशिक्षकांनी सहा फूट पाच इंचांच्या करूसोला सहा फूट अकरा इंचांच्या योकिचवर सोडलं. तो मागून ढकलत नव्हता. पुढे येऊन, पायांत घुसून, पासच योकिचपर्यंत पोचू देत नव्हता. योकिचला अख्ख्या सामन्यात ९ शॉट मिळाले. ओक्लाहोमा १२५-९३ ने जिंकलं, आणि पुढच्या महिन्यात विजेतंही झालं. योकिचला न पोचलेला पास कुठल्या रकान्यात लिहिणार?

गिडीलाही यात कमी लेखू नका. तो वयाने लहान आहे आणि २०२५ मध्ये शिकागोने त्याच्याशी चार वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार केला. दोन्ही संघांना हवं ते मिळालं असं मी मानतो. पण जो फक्त आकड्यांचा तक्ता वाचतो त्याला करूसो कधीच सापडणार नाही.

तो बाहेर बसला की काय होतं

यासाठी ऑन-ऑफ नावाचा आकडा आहे. खेळाडू कोर्टवर असताना संघ शंभर चढायांमागे किती गुणांनी पुढे, आणि बाहेर असताना किती. समजा तो असताना अधिक ६ आणि नसताना उणे ४, तर फरक १०. ऐकायला निर्णायक. पण इथे तिघं चोर लपलेले असतात. पहिला, त्याच्या जागी येणारा. बदली खेळाडू फारच कच्चा असेल तर फरक आपोआप फुगतो. योकिच बाहेर बसल्यावर डेन्वरची वर्षानुवर्षं जी तारांबळ उडते त्यात योकिचची थोरवी आहेच, पण डेन्वरच्या बेंचचाही हातभार आहे. दुसरा, सोबती: जो नेहमी स्टारबरोबरच उतरतो त्याला स्टारचं पुण्य लागतं. तिसरा, नशीब: समोरचे त्या मिनिटांत थ्री मारू शकले की नाही यावर बचावपटूचा फारसा ताबा नसतो. म्हणून एका सामन्याचं प्लस-मायनस (तो कोर्टवर असताना संघ किती गुणांनी पुढे किंवा मागे) वादात आणणाऱ्याला तिथेच थांबवा. एका सीझनचंही जपून घ्या. दोन-तीन सीझन, वेगवेगळ्या सोबत्यांबरोबर, एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर ऐका.

वेस्टब्रूकचा पेच

आकड्यांतून कारण आणि परिणाम वेगळे काढणं किती अवघड आहे हे शिकायचं तर रसेल वेस्टब्रूकचा २०१६-१७ घ्या. सामन्यामागे ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट. ४२ ट्रिपल-डबल (एकाच सामन्यात या तिन्हींसारखे तीन आकडे दहा किंवा जास्त). एमव्हीपी.

त्याचा पाठीराखा म्हणेल: ट्रिपल-डबल केलं त्या सामन्यांत ओक्लाहोमा ३३ जिंकलं, ९ हरलं. उरलेल्या सामन्यांत १४ जिंकलं, २६ हरलं. अजून काय पाहिजे? विरोधक म्हणेल: असिस्ट तेव्हाच मिळतो जेव्हा सोबत्याचा शॉट आत जातो, आणि बचावातले रिबाउंड तेव्हाच मिळतात जेव्हा समोरच्यांचे शॉट चुकतात. म्हणजे संघाचा दिवस चांगला असला की ट्रिपल-डबल आपोआप जवळ येतं; विजय त्याच्यामुळे की त्याचे आकडे विजयाच्या परिस्थितीमुळे? शिवाय स्टीव्हन ॲडम्स खाली दोन-दोन माणसं अडवून धरायचा आणि रिबाउंड वेस्टब्रूक अलगद उचलायचा.

यावर पाठीराख्याचंही खणखणीत उत्तर आहे, आणि ते विरोधक सहसा ऐकून घेत नाहीत: रिबाउंड चेंडू पुढे नेणाऱ्या गार्डच्याच हातात आला तर पास द्यायचा वेळ वाचतो, संघ तिथूनच पळत सुटतो. तो डाव होता, चोरी नव्हती.

माझं मत असं की वेस्टब्रूक त्या वर्षी ओव्हररेटेड नव्हता, ट्रिपल-डबल ओव्हररेटेड होतं. पुढे २०२१-२२ मध्ये तो सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर पगारावर लेकर्सकडे आला, चेंडू तिथला स्टार लेब्रॉन जेम्सच्या हातात गेला, आणि बाहेरून शॉट न मारणारा वेस्टब्रूक कोपऱ्यात उभा राहिला. संघ ३३-४९. खेळाडू एका वर्षात बदलला नव्हता, त्याच्याभोवतीची जागा आटली होती. ‘कोणत्या संघात’ हाही प्रश्न त्यामुळे वहीतल्या त्या वाक्याला जोडून टाका.

विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठ्यांबद्दल फार लिहीत नाही. रॉबर्ट हॉरीकडे सात विजेतेपदं आहेत, कारकिर्दीत सामन्यामागे ७ गुण. चार्ल्स बार्कलीकडे एकही नाही. कुणी ‘रिंग्ज किती?’ म्हणालं की हॉरीचं नाव घ्या आणि चहा मागवा.

स्वभावाचा कर

आवडत्या माणसाला आपण झुकतं माप देतो, न आवडणाऱ्याला तोलताना पारड्यावर बोट ठेवतो. ड्वाइट हॉवर्डने २००९ ते २०११ सलग तीनदा डिफेन्सिव्ह प्लेअरचा पुरस्कार घेतला, २००८ ते २०१२ सलग पाच वर्षं ऑल-एनबीए पहिल्या संघात (सीझनच्या सर्वोत्तम पाच जणांत) होता. २०२१ मध्ये लीगने पंचाहत्तरीनिमित्त सर्वकालीन थोरांची यादी काढली, बरोबरीमुळे ७६ नावं झाली, त्यांत हॉवर्ड नव्हता. संघ बदलत राहणं, थट्टामस्करी, सोबत्यांशी खटके, याचा तो कर होता असं मला वाटतं. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं. म्हणून तपासा: ज्याला तुम्ही ओव्हररेटेड म्हणताय त्याचे आकडे नाव झाकून वाचले तर काय म्हणाल? आमच्या ग्रुपवर मी एकदा दोन खेळाडूंचे सीझन ‘अ’ आणि ‘ब’ म्हणून टाकले. नावं उघडल्यावर दोघांनी ग्रुप सोडला. एक परत आला.

प्रत्यक्ष भांडताना

इतकी तयारी झाली की भांडायला हरकत नाही. एक युक्ती सांगतो, तिने आमचे निम्मे वाद पाच मिनिटांत मिटवलेत, त्यामुळे हौशी भांडणाऱ्यांनी ती वापरू नये.

तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने कागदावर एक आकडा लिहायचा: हा खेळाडू आपल्या जागी खेळणाऱ्यांत लीगमध्ये कितवा? दुसऱ्याला दाखवायचा नाही. सगळ्यांचे झाले की एकदम उघडायचे. २०२५ च्या त्या जूनमध्ये हॅलिबर्टनवर आम्ही सहा जण दोन दिवस भांडत होतो, तिघं ओव्हररेटेड, तिघं अंडररेटेड. कागद उघडले तर सगळे पाच ते आठच्या मध्ये. सहाही जणांचं खेळाडूबद्दल मत एकच होतं! भांडण होतं ते ‘लोक त्याला काय समजतात’ यावर, आणि प्रत्येकाच्या डोक्यातले लोक वेगळे होते. कुणाचे टीव्हीवरचे समालोचक, कुणाचे ते तेरा खेळाडू, एकाचा तर सख्खा भाऊ.

आकड्यांत खरंच अंतर निघालं, म्हणजे एकाचा तीन आणि दुसऱ्याचा पंधरा, तर विचारायचं: मधले बारा कोण? नावं घे. ‘टॉप टेनमध्ये नाही’ म्हणणं सोपं असतं. त्याच्यापेक्षा सरस दहा जणांची नावं लिहायला बसलं की सातव्या-आठव्यापाशी पेन थांबतं. आणि दुसरा प्रश्न, दोन्ही बाजूंना: काय दिसलं तर तू मत बदलशील? ‘काहीही दिसलं तरी नाही’ असं उत्तर आलं तर तो वाद नाही, भक्ती आहे. भक्तीशी भांडू नये.

एकाच क्लिपवर मत ठरवू नका, हे सांगायला रूडी गोबेअरइतकं चांगलं उदाहरण नाही. २०२४ च्या वसंतात खेळाडूंच्या त्याच गुप्त मतदानात तो सगळ्यात ओव्हररेटेड ठरला. त्याच वसंतात पत्रकारांनी त्याला चौथ्यांदा डिफेन्सिव्ह प्लेअर निवडलं, डिकेंबे मुटोंबो आणि बेन वॉलेसच्या बरोबरीने. त्याच्या मिनेसोटाचा बचाव त्या सीझनमध्ये लीगमध्ये पहिला होता. मग वेस्टर्न (पश्चिम गटाच्या) फायनलच्या दुसऱ्या सामन्यात लुका डॉनचिचने त्याच्यासमोर मागे सरकून थ्री मारला आणि सामना नेला, आणि जगाने ती एक क्लिप जपून ठेवली. बास्केटपासून पंचवीस फुटांवर, डॉनचिचसमोर एकटा सापडलेला सात फुटी सेंटर हा गोबेअरच्या कामाचा शंभरावा भाग. उरलेला भाग म्हणजे आत घुसलेला गार्ड त्याला पाहून चेंडू बाहेर फेकतो ती शेकडो वेळा, आणि त्याची क्लिप कुणी काढत नाही. तरी खेळाडूंचं मत उडवून लावू नका. प्लेऑफमध्ये त्याला बाहेर ओढता येतं हे त्यांनी अंगावर अनुभवलेलं आहे.

शेवटचं काम सीझन सुरू होण्याआधी करायचं. तीन ओव्हररेटेड, तीन अंडररेटेड, नावापुढे तुमचा आकडा, लोकांचा आकडा आणि तारीख. जूनमध्ये वही उघडायची. माझ्या वहीत जुलै २०२२ च्या पानावर, मिनेसोटाने गोबेअरसाठी चार पहिल्या फेरीचे ड्राफ्ट आणि पाच खेळाडू दिले त्या दिवशी, ‘आजवरचा सगळ्यात मूर्ख सौदा’ असं दोनदा अधोरेखित करून लिहिलेलं आहे. खाली वेगळ्या शाईत मे २०२४: ‘५६ विजय, वेस्टर्न फायनल.’ त्याच्याखाली भाच्याने मला न विचारता डॉनचिचचा तो शॉट पेन्सिलीने काढून ठेवलाय.